सुकाणूवरचा हात

चिंचणीच्या घरात आम्ही सात चुलत भावंडं वाढलो आणि सातांतल्या एकालाही आजोबांसारखं बोटीचं सुकाणू धरता आलं नाही. आमच्या वाट्याला यायचं ते खाडीच्या तोंडापर्यंतचं, तेही वर त्यांचा हात असताना. "नाक फिरायला लागलं की परत आण. फिरून झाल्यावर नको." ताटातलं कालवण सांडलं तरी हेच ऐकावं लागे.

चिंचणीत सापडलेल्या इसवी सन 926च्या राष्ट्रकूट ताम्रपटात, संजाणचा अधिकारी मुहम्मद, म्हणजे लेखातला 'मधुमती', यानं दोन प्रवाहांवर फुकट नाव सुरू केल्याचं नोंदलंय. त्या नावेवर तांडेल कोण होता हे ताम्रपट सांगत नाही. आजोबा सांगत. आपलाच कुणीतरी!

आमच्या बोटीवरचा सुकाणूचा लाकडी दांडा गेला, साखळीचं चाक आलं, मग हायड्रॉलिक. चाक फिरवलं की पंप तेल ढकलतो, ते नळीतून मागच्या सिलिंडरात जातं आणि सिलिंडर सुकाणू वळवतो. काकांचे खांदे दुखायचे थांबले. आजोबांची मात्र तक्रार, "पाणी काय बोलतं ते हाताला कळत नाही." त्यांचं बरोबरच होतं. पंपातले व्हॉल्व्ह सुकाणूवरचा धक्का चाकापर्यंत येऊच देत नाहीत.

दादा बॉम्बे हायला माल नेणाऱ्या बोटीवर नोकरीला होता. एका पावसाळ्यात, बोट शाकारून ठेवलेली असताना, तो खोक्यात ऑटोपायलट घेऊन आला. रात्री सुकाणूवर डुलक्या येतात त्यावर उपाय, म्हणाला. काकूंनी त्या खोक्याला हळदकुंकू लावलं.

ऑटोपायलटचा छोटा विजेचा पंप चाकाच्याच तेलनळ्यांना जोडायचा. पंप सिलिंडरच्या मापाचा हवा. लहान पडला तर सुकाणू आळसावतं. सुकाणू किती वळलंय हे यंत्राला कळवणारी एक दांडी मागे बसवायची होती. तिची पितळी पट्टी शेजारच्या डाय बनवणाऱ्या काकांनी दागिन्यांच्या डायच्या निगुतीनं घासून दिली. इतकी सुंदर वस्तू बोटीच्या पोटात अंधारात राहणार, याचं आम्हालाच वाईट वाटलं.

खरी मजा हवा काढण्यात होती. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला तर चाक स्पंजासारखं लागतं. म्हणून एकजण चाक हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतोय, आईच्या नरसाळ्यातून बाबा तेल ओततायत, आणि आम्ही मागे सिलिंडरच्या सैल केलेल्या स्क्रूपाशी ओरडतोय, "आले, आले... थांबले!" ते नरसाळं पुन्हा स्वयंपाकघरात गेलं नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली. दादानं होकायंत्राची डबी लोखंडापासून लांब बसवली होती, बोटीला सावकाश गोल फिरवून ती जुळवलीही. पण पश्चिमेला लावलेलं नाक डहाणूच्या अंगाला सरकायला लागलं. तासभर सगळे तेलाला दोष देत होते. मग धाकट्या बहिणीनं बोट दाखवलं. काकांनी नेहमीचा रेडिओ नेमका त्या डबीशेजारी टांगला होता; त्याच्या स्पीकरमधल्या चुंबकानं होकायंत्र फसलं होतं.

1922 साली निकोलस मिनोर्स्की या इंजिनिअरनं सुकाणू धरणाऱ्यांचं काम बघून त्याचं गणित मांडलं, हे मी फार पुढे वाचलं. नाक किती चुकलंय एवढंच बघून चालत नाही. ते किती वेगानं फिरतंय तेही बघावं लागतं, आणि आधीच उलटं सुकाणू द्यावं लागतं. कालवणाचा नियम! दादाच्या यंत्रावर त्यासाठी एक वेगळी सेटिंग होती. त्या दिवशी तो ती बदलत होता आणि आजोबा पाठीमागच्या फेसाच्या रेघेकडे बघत सांगत होते, "नागमोडी आहे. अजून थोडं." रेघ सरळ झाल्यावरच गप्प बसले.

परतताना त्यांनी चाक धरलं होतं. ऑटोपायलट चालू असताना त्याचा पंप परस्पर तेल ढकलतो, चाक हलतही नाही. बोट वळत होती, चाक स्तब्ध, त्यावर आजोबांचा हात. समोर जाळ्यांची बोयरी दिसली तेव्हा त्यांनीच दादाला हाक मारली, कारण यंत्राला ती दिसत नव्हती. दादानं बटण बंद केलं. तोवर आजोबांनी चाक फिरवायला घेतलंही होतं.