परळमध्ये घर? आधी पूल चढून बघा!

सकाळी साडेनऊला परळ स्टेशनवर उतरा. इथे आपण चालत नाही, गर्दी आपल्याला चालवते. सेंट्रलवरून वेस्टर्नच्या प्रभादेवीला जायचं तर पूल चढायलाच हवा. २९ सप्टेंबर २०१७ला इथल्याच जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, वीसहून जास्त माणसं गेली. मग लष्कराने नवा पूल बांधला आणि २०१९मध्ये परळ टर्मिनस झालं. ऑफिसं आधी आली, जिने नंतर!

पश्चिमेला उतरलात की काचेच्या इमारती, कॉफी, गळ्यात आयकार्डं. एकेकाळी इथली घड्याळं गिरणीच्या भोंग्यावर लागायची. १९८२चा संप झाला, गिरण्या थंडावल्या. १९९१च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: पालिका, म्हाडा आणि मालक. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटे फक्त मोकळ्या जागेचे उरले. मैदानं आणि स्वस्त घरं आकसली. तुमच्या-माझ्या बजेटमधला वन बीएचके इथे का सापडत नाही, त्याचं एक उत्तर हे आहे.

पुढे काय? शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी सप्टेंबर २०२५मध्ये जुना एल्फिन्स्टन पूल बंद झाला. हा रस्ता अटल सेतूला जोडणारा. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची घरं ठरली आहेत. ब्रोकर म्हणणारच, ‘कनेक्टिव्हिटी वाढतेय, आत्ताच बुक करा.’ पण बॉस, होणाऱ्या रस्त्याचे पैसे दरात आधीच लागलेले असतात. धूळ आणि वळसे मात्र तुमच्या वाट्याला.

म्हणून माझं मत साधं आहे. दोन-तीन वर्षांत नफा काढायचा असेल, तर परळ तुमच्यासाठी नाही. राहायचंच असेल, रोजचे दोन तास वाचवायचे असतील आणि हप्ता भरून महिनाअखेर उधारी होत नसेल, तर जरूर बघा. नाहीतर आधी वर्षभर भाड्याने राहा.

बघायला निघालात तर: महारेरा नंबर तपासा. भाव कार्पेट एरियावरच बोला. तयार घर असेल तर ओसी मागा. आणि सॅम्पल फ्लॅट बघून झाला की संध्याकाळी सातला स्टेशनपर्यंत चालत या. ब्रोशरमध्ये ‘पाच मिनिटांवर’ लिहिलेलं असतं. ते कुणाच्या घड्याळातलं, ते तेव्हा कळेल.