आमचा ऊरुभंग

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसास आपले साधे दुखणे साध्या शब्दांत सांगता येत नाही, असा आमच्या घरात आमच्यावर जुना आरोप आहे. जानेवारी २०२४ मधील एका रविवारी सकाळी आम्ही रिक्षातून घरी उतरलो, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि "आमचा ऊरुभंग झाला आहे," असे जाहीर केले. तेव्हा सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावून विचारले, "अहो, पण डॉक्टरांना हे गुजरातीत कसे सांगणार?" प्रश्न बिनतोड होता. दुर्योधनाच्या मांडीवर भीमाची गदा पडली, त्यावर भासाने एक अख्खे नाटक रचले. आमच्या मांडीवर गदा पडली ती मागून, आणि मारणारा कोणी नव्हताच. तेव्हा नाटक कोण लिहिणार? हा निबंध आमचा आम्हालाच लिहावा लागत आहे.

झाले ते असे. त्याआधीच्या दिवाळीत रक्ततपासणीत साखर किंचित वर गेलेली निघाली. डॉक्टरांनी सांगितले, "रोज चाळीस मिनिटे चाला." येथे डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानून आम्ही चालत राहिलो असतो, तर काहीच घडले नसते. परंतु आम्ही पडलो बडोदेकर. या नगरीत व्यायाम ही चेष्टेची गोष्ट नव्हे. जुम्मादादांच्या नावाचे व्यायाममंदिर येथे १८८० पासून उभे आहे. त्यांचे शिष्य माणिकराव यांनी ते नावारूपास आणले. व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीतून सिद्ध झाले तेही याच गावी. आमचे वडील त्या व्यायाममंदिरात मल्लखांब शिकलेले. साठी उलटल्यावरही ते पहाटे जोर काढीत. अशा बापाच्या मुलाने म्हाताऱ्यासारखे नुसते चालावे, हे आमच्या मनास रुचेना. म्हणून डिसेंबरपासून आम्ही कामाटीबागेत धावू लागलो. धावू लागलो म्हणजे काय, चालण्यापेक्षा थोडे अधिक आणि धावण्यापेक्षा बरेच कमी असे काही तरी करू लागलो.

त्या रविवारी थंडी कडक होती. अंग गरम करण्यासाठी आधी पाच-दहा मिनिटे संथ चालावे, हातपाय मोकळे करावेत, हे आम्ही शाळेच्या प्रार्थनेनंतर शेकडो वेळा मुलांना बजावले आहे. स्वतःस ते लागू आहे असे आम्हाला कधी वाटलेच नाही. बागेच्या दारातून आत शिरताच आम्ही निघालो. तोच मागून एक विशीतला तरुण आला आणि आमच्या उजवीकडून सहज पुढे निघून गेला. जाताना त्याने मागे वळून पाहिले असा आम्हाला भास झाला. बहुधा त्याने पाहिलेही नसावे. परंतु मनुष्याचा अहंकार साक्षीपुरावा मागत नसतो. आम्ही वेग वाढविला, आणखी वाढविला, आणि दहाव्या-बाराव्या ढांगेला उजव्या मांडीच्या मागे 'तट्' असा आवाज झाला.

कोणी तरी नेम धरून धोंडा मारला, असेच आम्हाला वाटले. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाचा पहिला विचारही ठरलेलाच : "कोण रे तो?" आम्ही गर्रकन मागे वळलो. मागे एक आजोबा कानटोपी घालून शांतपणे चालत होते. त्यांच्या हातात काठी होती, धोंडा नव्हता. पुढचे पाऊल टाकू गेलो, तो पाय अंगाखाली उभाच राहीना.

नंतर कळले की असा 'मागून मार बसल्याचा' भास हीच या दुखण्याची खूण आहे. इंग्रजीत ज्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात ते तीन स्नायू मांडीच्या मागे असतात. आपण ज्या हाडांवर बसतो, तेथून ते निघतात आणि गुडघा ओलांडून नडगीच्या हाडांना जाऊन बिलगतात. मांडी मागे खेचणे आणि गुडघा दुमडणे ही दोन्ही कामे त्यांचीच. वेगाने धावताना पाय पुढे झेपावतो, तेव्हा टाच जमिनीस लागण्याच्या आधी त्या झेपेस आवर घालावा लागतो, आणि तो आवर हेच स्नायू घालतात. म्हणजे ते एकीकडे ताणले जात असतात आणि त्याच क्षणी जोर करून रोखीतही असतात. टांगेवाल्याने लगाम खेचावा आणि त्याच वेळी घोड्याने मान पुढे झोकावी, तसा हा प्रकार. लगाम जुना असेल, घोडा उधळला असेल, तर मधल्या मध्ये चामडे तुटते. आमचा लगाम पन्नाशी उलटलेला होता, आणि घोडा, म्हणजे आमचा अहंकार, चांगलाच उधळला होता.

घरी आल्यावर उपचारांची सभा भरली. शेजारच्या काकूंनी आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप सुचविला. वरच्या मजल्यावरील गृहस्थ तापलेली वीट फडक्यात गुंडाळून घेऊन आले. आमचे व्याही दूरध्वनीवरून म्हणाले, "शीर चढली असेल, मालीशवाल्यास बोलवा." आम्ही कोणाचाच अपमान केला नाही. रविवारी शेक घेतला, संध्याकाळी लेप लावला आणि सोमवारी मालीशवाला आला. त्याने मोहरीचे तेल चोळून अंगठा मांडीत असा रोवला की, आमची किंकाळी ऐकून खालचा दूधवाला वर आला. मालीश करणाऱ्याचा यात दोष नाही. आम्ही त्याला शीर चढली असे सांगितले, त्याने शीर उतरविली.

गुरुवारी गुडघ्याच्या मागे जांभळी-काळी छटा उतरली. दुखत होते मांडीच्या मध्यावर आणि काळे पडले खाली, हे पाहून सौभाग्यवती घाबरल्या, तेव्हा कोठे आम्ही अस्थितज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी समजावले : स्नायूचे तंतू फाटले की आत रक्त साकळते आणि आपल्या वजनाने खाली झिरपते, म्हणून डाग खाली दिसतो. स्नायू अर्धवट फाटला आहे. सगळा तुटून हाडापासून सुटला असता तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला असता. पहिले दोन-तीन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवायचा, पट्टा बांधायचा, पाय उंचावर घ्यायचा. शेक आणि चोळणे या दोन गोष्टी त्या दिवसांत कटाक्षाने टाळायच्या, कारण त्यांनी आतला रक्तस्राव वाढतो. म्हणजे जे करू नये ते सर्व आम्ही क्रमवारीने केले होते.

पुढची जबाबदारी त्यांनी एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीकडे सोपविली. मुलगी आमच्या धाकट्या कन्येच्या वयाची. तिने आम्हाला एक वही दिली, तीत व्यायाम लिहून दिले आणि रोज केल्याची खूण करण्यास सांगितले. उताणे पडून टाच गादीवर दाबायची आणि दहा आकडे मोजायचे. टाच घसरवीत हळूहळू जवळ आणायची. दुसऱ्या आठवड्यापासून गुडघे दुमडून कंबर उचलायची, ज्याला योगासनांच्या पुस्तकांत सेतुबंधासन म्हणतात. दुखणे वाढू द्यायचे नाही, पण नुसते पडूनही राहायचे नाही. तिचे म्हणणे असे की, फाटलेल्या जागी नवे तंतू भरून येतात, पण त्यांना आपण कोणत्या दिशेने ताण सोसायचा आहे हे ठाऊक नसते. ते त्यांना बेताबेताने शिकवावे लागते. शिक्षकास पटावे असेच हे स्पष्टीकरण होते.

पटले म्हणून अंगी बाणले, असे मात्र झाले नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही गृहपाठ चोख केला. दुसऱ्या आठवड्यात शाळेत तपासणी होती. तीन दिवस व्यायाम राहून गेला आणि रविवारी रात्री आम्ही तिन्ही दिवसांपुढे खुणा करून टाकल्या. सोमवारी तिने आम्हाला पालथे झोपविले, टाचेवर हात ठेवला आणि गुडघा दुमडून तो हात लोटण्यास सांगितले. क्षणभर थांबून ती म्हणाली, "साहेब, वहीत तर रोज केल्याचे लिहिले आहे." आवाजात राग नव्हता. आम्ही स्वतः तीस वर्षे हेच वाक्य याच आवाजात उच्चारीत आलो आहोत. त्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडल्यामुळे आमचा चेहरा कोणास दिसला नाही, एवढीच त्यातली सोय.

याहून मोठी चूक पुढेच होती. तिसऱ्या आठवड्यात दुखणे जवळपास थांबले. जिना चढता येऊ लागला. एके सकाळी शाळेस उशीर झाला होता आणि सिटी बस थांब्यावरून हलताना दिसली. आम्ही दहा पावले धावलो. नववे पाऊल चांगले पडले. दहाव्याला तोच धोंडा पुन्हा त्याच जागी बसला. सहा आठवड्यांत आटोपणारे दुखणे तिथून पुढे बारा आठवड्यांचे झाले. एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत अधिक असतो, कारण वेदना आधी जाते आणि बळ मागाहून येते. ती मुलगी रागावली नाही. "उतावळे आंबा न पाके," एवढेच म्हणाली. आमच्या मराठीत उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो. आमचा उतावळेपणा गुडघ्याच्या जरा वर बसला होता, इतकेच.

या दुसऱ्या पडझडीनंतर व्यायामांत एक नवा आला : पाय सरळ ठेवून, पाठ न वाकविता, कमरेतून पुढे झुकायचे आणि मांडीमागचा ताण अजमावायचा. आमचे हात गुडघ्यांपर्यंत पोहोचले आणि तेथेच राहिले. अंगठे अजून हातभर दूर होते. अंगठे! तरुणपणी आम्ही वर्गात किती मुलांना अंगठे धरून उभे केले असेल, याची मोजदाद नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षेचे हे प्रकार बंद केले, तेव्हा शिक्षककक्षात कुरकुर करणाऱ्यांत आम्हीही होतो. आता भिंतीला धरून झुकलो असता घामाबरोबर एक एक चेहरा आठवू लागला, आणि त्यांत एक चेहरा मागे हटेना.

२००७ ची गोष्ट. तेव्हा आम्ही मुख्याध्यापक नव्हतो. मैदानाची जबाबदारी आमच्याकडे असे. नववीतला एक मुलगा रिले संघात शेवटचा टप्पा धावत असे. उंच, सडपातळ, अभ्यासात बेताचा. आंतरशालेय स्पर्धेच्या चार दिवस आधी तो म्हणाला, "साहेब, पगनी नस खेंचाई गई छे." आम्ही त्याच्या पायाकडे पाहिले. सूज नाही, जखम नाही. सर्वांसमक्ष आम्ही म्हणालो, "धावण्याचा कंटाळा आला की नस खेचली जाते. चल, एक फेरी मार." तो धावला. अर्ध्या फेरीत मांडी धरून खाली बसला. आम्ही त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतला आणि तो हट्टी आहे असा निष्कर्ष काढून मोकळे झालो. त्यानंतर तो मैदानावर आला नाही. का आला नाही, हे विचारण्याचे आम्हाला सतरा वर्षे सुचले नाही.

या दुखण्यात बाहेरून काही दिसत नाही. पहिल्या दिवशी सूज नसते, डाग नसतो. असतो तो केवळ दुखणाऱ्याचा शब्द. आमच्या शब्दावर घरच्यांनी, डॉक्टरांनी, त्या मुलीने, रिक्षावाल्यानेसुद्धा विश्वास ठेवला होता.

एप्रिलमध्ये काठीविना चालू लागलो, तेव्हा त्याचा शोध घेतला. शोधावे लागले असेही नाही. रावपुऱ्यात त्याचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे, आणि त्या रस्त्याने आम्ही कैक वेळा गेलो आहोत. त्याने ओळखले. आमचा पाय जपून पडतो हे त्याच्या लगेच ध्यानात आले. त्याने स्टूल पुसून पुढे सरकविले. आम्ही बसलो आणि बरेच इकडचे तिकडचे बोलून अखेर म्हणालो, "तुझा पाय खरोखरच दुखावला होता. आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. ती आमची चूक होती."

तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "दोन-तीन वर्षे थंडीत दुखायचे, साहेब. आता काही नाही." थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावे तसा तो म्हणाला, "धावणे सुटले ते सुटलेच." त्याने चहा मागविला. आम्ही तो घेतला. क्षमा केली असे तो म्हणाला नाही, आणि तसे त्याने म्हणावे अशी अपेक्षा करण्याचा आम्हास अधिकारही नव्हता. निघताना त्याने रस्ता ओलांडेपर्यंत आमचा दंड धरला.

आता आम्ही पुन्हा कामाटीबागेत जातो. पहिली दहा मिनिटे चालतो, मग संथ धावतो. आठवड्यातून दोनदा स्नायू बळकट करण्याचा व्यायाम चालू आहे आणि वहीतल्या खुणा खऱ्या आहेत. तरुण मंडळी उजवीकडून पुढे जातात. आम्ही डावीकडे सरकून वाट देतो.

शाळेतही एक लहानसा बदल झाला आहे. शिक्षककक्षातल्या फ्रिजमध्ये बर्फाचा एक साचा आणि दोन पट्टे मैदानासाठी राखून ठेवले आहेत. "साहेब, पाय दुखतो," असे कोणी म्हटले की त्याला आधी बसवायचे, मग विचारायचे, अशी सूचना आम्ही दिली आहे. आमचे व्यायामशिक्षक स्पष्टवक्ते आहेत. ते म्हणाले, "साहेब, दहांतली दोन पोरे याचा फायदा घेऊन सावलीत बसतील." बसतील खरी. गेल्याच आठवड्यात असा एक वीर बर्फाचा खडा चोखत निंबाखाली बसलेला आम्ही खिडकीतून पाहिला. आम्ही खिडकी लावून घेतली.