रजेचा अर्ज

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना झाली, की सतरंजीच्या एका कोपऱ्यात सात-आठ मुलंमुली रसायनशास्त्राची पुस्तकं उघडून बसतात. कोणी मेडिकलच्या दुकानात कामाला, कोणी वॉचमन, एक ताई तर तान्हं मूल घेऊन येतात. सगळे मुक्त विद्यापीठातून बी.एस्सी. करणारे. त्यांच्या रसायन मंडळाचा मी चिटणीस. मी स्वतः बी.कॉम. झालेला कारकून. म्हणून लोक हसतात, "जमाखर्चातून रसायनात कसे काय आलात?"

बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. आपल्या मुलांना घरबसल्या शिकण्याची वाट मिळाली. पण घरी शंका विचारायला शेजारी कोणी नसतं. इतिहास एकवेळ एकट्याने वाचता येईल. रसायनाला हात लावावा लागतो. प्रयोगांना हजेरी सक्तीची, तीही सलग काही दिवस.

सुरुवातीला मी काय केलं? अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार नेमले. वर्गणीची पावतीपुस्तकं छापली. सभेचं इतिवृत्त लिहिलं. दोन महिन्यांत सगळं झालं, फक्त रसायन झालं नाही.

अशातच एका मुलाला प्रयोगांच्या तारखा कळल्या. तो म्हणाला, "काका, मालकांना रजेचा अर्ज लिहून द्या." मी म्हटलं, "उद्या देतो." जयंतीच्या धावपळीत तो उद्या उजाडलाच नाही. रजा मिळाली नाही, हजेरी हुकली, पोराचं वर्ष गेलं. तो मला एका शब्दाने बोलला नाही. त्याची आई मात्र म्हणाली, "भाऊ, जयंतीला शिक्षणावर भाषण तुम्हीच केलंत ना?" मी खाली मान घालून परत आलो.

त्या दिवसापासून पदं गेली. विहाराच्या भिंतीवर एक कॅलेंडर लागलं. फॉर्म, फी, गृहपाठ, प्रयोग, परीक्षा, सगळ्या तारखा लाल शाईने लिहिलेल्या. रजेचे अर्ज महिनाभर आधी तयार. गरज पडली तर मी स्वतः मालकाला भेटतो. ताईंच्या प्रयोगांच्या दिवसांत बाळ माझी पत्नी सांभाळते. रसायन मुलांचं, कारकुनी माझी!

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक मामा येतात. विहारात तेजाब आणायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. ब्युरेटमध्ये साधं पाणी भरून ते शिकवतात: डोळा पाण्याच्या पातळीला आणा, वाकलेल्या रेषेचा खालचा भाग वाचा. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी पडलं, की तो लाल होतो. ते बघायला लहान पोरं गर्दी करतात.

एकदा बोअरचं आणि नळाचं पाणी दोन बाटल्यांत घेऊन सारखाच साबण टाकून हलवलं. बोअरच्या पाण्याला फेस कमी. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, असं मुलीने समजावलं. एक आजी म्हणाल्या, "म्हणून माझी डाळ शिजत नाही होय!" मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कोणी शिवलं ते कळतं का गं यात?"

मुलगी म्हणाली, "नाही आजी. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. शिवल्याने त्यात काही बदलत नाही."

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले, तेव्हा कर्मठांनी त्यात शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं होतं. आपल्याच वस्तीतली लेक त्याचं उत्तर बाटली हातात धरून देत होती. त्या क्षणी मला मंडळाचा अर्थ कळला.

त्या मुलाने पुढच्या वर्षी प्रयोग पूर्ण केले. पण त्याचं गेलेलं वर्ष मी परत देऊ शकत नाही.

बंधू-भगिनींनो, तुमच्या शेजारी असं कोणी एकट्याने शिकत असेल. तुम्हाला रसायन येत नसेल, तरी हरकत नाही. त्याच्या परीक्षेची तारीख विचारा आणि अर्ज आजच लिहून द्या.

जय भीम!