परसातला एक दुधी

आज रोहिणी निघाली. या दिवसांत आमच्या माणदेशात शेताचं सांगण्यासारखं काही नसतं, नांगरट तापत पडलेली. म्हणून आज परसातलं लिहितो. घराच्या मागं अर्धा गुंठा जागा आहे, घरची भाजी तिथंच होते.

एप्रिलभर मजा होती. भेंडी आणि गवार एवढी आली की शेजारीपाजारी वाटून उरली. मे लागला, पारा ४१-४२ वर गेला आणि सगळं फिरलं. टोमॅटोला फुलं येतात अन् देठातनं गळतात. एवढ्या उन्हात परागच मरतो, तिथं फवारून काही होत नाही. दुकानदार बाटली काढून देईल, घेऊ नका. मिरचीचा चुरडा-मुरडा झाला. भेंडीच्या चार झाडांवर हळद्या दिसला, तशी ती उपटून टाकली. पांढरी माशी तो रोग पुढं नेते. काकडी कडू निघायला लागली. गवार तेवढी टिकून आहे, तिला ऊन मानवतं.

बोअर हवा मारतंय. टँकर चौथ्या दिवशी येतो, वाट्याला दोन बॅरल. त्यात माणसं, एक म्हैस अन् दोन शेळ्या. परसाला मिळतं ते वापरलेलं पाणी. न्हाणीचं साबणाचं पाणी अळू आणि केळीकडं सोडलंय. तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी साठवतो, ते दिवसाचं दीड बादली भरतं. दीड बादलीत सगळं जगत नाही, कुणाला द्यायचं ते ठरवावंच लागतं. टोमॅटो आणि काकडीचं पाणी तोडलं. टोमॅटो सौभाग्यवतींनी लावलेला, त्या दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

हे पाणी आता जातंय दुधीच्या एका वेलाला.

हा दुधी आईचा. लग्न होऊन आली तेव्हा माहेरनं बी घेऊन आलेली, तेव्हापासून घरात आहे. बुटका, पोटाला फुगीर, सालीवर पांढरे ठिपके. बियाण्याचा सुका भोपळा आढ्याला टांगलेला असायचा, यंदा उंदरांनी तो पोखरला. पाच बिया हाताला लागल्या. महाशिवरात्रीच्या सुमारास टोकल्या, दोन उगवल्या. त्यातला एक लाल भुंग्यांनी खाल्ला. म्हणजे राहिला एक.

बांधापलीकडं शेजाऱ्याचा संकरित दुधी आहे. माश्या, पाकोळ्या तिकडनं इकडं येणार आणि बी भेसळ होणार. म्हणून हाताने परागण केलं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. ज्या मादी फुलाखाली इवलासा भोपळा दिसतो, त्याच्या पाकळ्या दुपारीच दोऱ्याने हलक्या बांधायच्या. नर फूलही तसंच बांधायचं. दिवस मावळताना दोन्ही सोडून नराचे पराग मादीवर फिरवायचे आणि मादी पुन्हा बांधून ठेवायची. अशी चार फुलं केली, तीन धरली. फळमाशीसाठी त्यांना जुन्या साडीच्या पिशव्या घातल्या.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. बी धरायच्या आधी त्याच वेलाचं दुसरं फळ कापून जिभेला लावून बघा. कडू लागलं तर थुंकून टाका आणि त्या वेलाचं बी धरू नका. कडू दुधीची भाजी करू नका, रस तर मुळीच पिऊ नका. माणसं दगावलेली आहेत त्यानं. आमचा गोड लागला.

मग मागल्या पंधरवड्यात वळीव आला, गारांसकट. पाणी आलं याचा आनंद होईपर्यंत मांडव आडवा झाला. एक फळ फुटलं, एक देठातनं तुटलं. उरलेल्याला आता पोत्याची झोळी बांधून खांबाला टांगलंय. बुडाला पाचटाचा जाड थर आहे आणि शेजारी छोटं मडकं पुरलंय. पाणी मडक्यात ओततो, ते मुळाशी हळूहळू पाझरतं.

आईची नजर आता अधू झालीय. रोज संध्याकाळी काठी टेकत येते, झोळीत हात घालून फळ चाचपते, काही न बोलता परत जाते. बी तयार व्हायला साल लाकडासारखी टणक व्हावी लागते. काल नख लावून बघितलं, अजून थोडं रुततंय. पंधरा-वीस दिवस तरी वेल हिरवा राहायला पाहिजे. टँकर परवा आहे.