खडीवरचे चाक

हे लिहीत असताना माझ्यासमोर ओसरीत सायकलच्या टायरचे दोन जोड पडले आहेत. एक हलका, हाताने घडी घालता येईल असा. दुसरा जड आणि जाड अंगाचा. रुंदी दोन्हींची सारखीच. उद्या सायंकाळपर्यंत यांतील एक जोड माझ्या मुलीच्या सायकलवर चढवायचा आहे आणि दुसरा दुकानदाराला परत करायचा आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी गेले चार दिवस मी अस्वस्थ आहे, असे सांगितले तर तुम्ही हसाल. घरातले हसलेच.

नरडाणा तुम्ही निदान महामार्गावरून जाताना पाहिले असेल. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग यांची गाठ तेथे पडते. आमचे खेडे या दोन्हींपासून आत, तापीच्या अंगाला आहे. तेथून स्थानकापर्यंतची वाट कोठे काळ्या मातीची, कोठे मुरमाची आणि जेथे सुधारणा पोहोचली आहे तेथे खडीची. मुलगी आता अमळनेरला महाविद्यालयात जाणार. सकाळची गाडी गाठायची म्हणजे तांबडे फुटण्यापूर्वी निघणे आले, आणि मधल्या तीन-साडेतीन किलोमीटरांत वस्ती नाही. टायर निवडायचा तो या तीन-साडेतीन किलोमीटरांसाठी.

माझ्या अस्वस्थतेला एक जुने कारणही आहे. १९९४ साली मी तुमच्यासारखाच नोकरी सांभाळून, बहिःस्थ विद्यार्थी म्हणून पदवीचा अभ्यास करीत होतो. परीक्षेचे केंद्र अमळनेरला. शेवटच्या पेपराच्या दिवशी घरची जड सायकल नको वाटली. मित्राकडून शर्यतीची, बारीक चाकांची सायकल मागून आणली आणि आदल्या रात्री तिच्यात दगडासारखी टणक होईपर्यंत हवा भरली. डांबरी तुकड्यावर ती अशी पळाली की मला स्वतःचाच हेवा वाटला. पुढे मात्र रस्तादुरुस्तीसाठी नुकतीच पसरलेली खडी लागली. टायर फाटला तेव्हा फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. सायकल हाती धरून मी स्थानकावर पोहोचलो, तेव्हा फलाटावर फक्त चहावाला होता. पेपर बुडाला, वर्ष गेले. पंक्चर काढणाऱ्या म्हाताऱ्याने टायर उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “टायरना काय दोष, भाऊ? हवा जास्ती व्हती.”

त्या बोलण्याचा राग मला बरीच वर्षे होता. त्यातले शास्त्र पुढे समजले. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि सुटताच पुन्हा मूळ आकारात येतो. दबताना रबराने घेतलेली ऊर्जा ते पूर्णपणे परत देत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो. हा तोटा जितका कमी, तितका टायर वेगवान. गुळगुळीत डांबरावर हवा भरपूर असली की रबर कमी दबते, म्हणून सायकल पळते. खडीवर हिशेब उलटतो. टणक टायर प्रत्येक खड्यावरून उडी मारतो. सायकलीसह स्वार वर उचलला जातो आणि पुढे जाण्याची शक्ती हाडे हलवण्यात खर्च होते. हवा थोडी कमी असेल तर टायर खड्याला पोटात घेतो आणि पुढे जातो. टणक टायरला खड्याची धार टाळायला जागाच उरत नाही, तो कापला जातो. म्हातारा नेमके हेच सांगत होता.

वडिलांच्या ज्या सायकलीला मी त्या दिवशी नाकारले, ती आजही गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. तिच्या टायरवर २८ × १½ असे आकडे आहेत; आंतरराष्ट्रीय मापात तेच ४०-६३५. म्हणजे रुंदी ४० मिलिमीटर. आज खडीच्या वाटांसाठी खास बनवलेल्या महागड्या सायकलींना ३८ ते ४५ मिलिमीटरांचे टायर सर्रास लावतात. दुधाच्या किटल्या लादून मुरमावरून जाणाऱ्या माणसांच्या चाकाखाली ही रुंदी कितीतरी आधीपासून होती, पण तिच्याकडे कौतुकाने पाहण्याचे कोणाला सुचले नाही, मलाही नाहीच. मात्र नव्या सायकलीचा टायर या जुन्या चाकावर बसत नाही. नव्याचे माप ४०-६२२, आणि कडेच्या व्यासातला तो तेरा मिलिमीटरांचा फरक कितीही ओढाताण केली तरी मिटत नाही. मी करून पाहिली आहे.

आता समोरच्या दोन जोडांकडे येतो. टायरचा सांगाडा धाग्यांचा असतो. हलक्या टायरमध्ये इंचाला १२० बारीक धागे आहेत. तो लवचिक आहे, सहज दबतो, सहज उठतो, म्हणून वेगवान. जड टायरमध्ये इंचाला ६० जाड धागे आणि रबराखाली काट्यांना अडवणारा एक पट्टा आहे. तो थोडा आळशी आहे, पण टिकाऊ. निवड करताना खडी कोणती हे पाहावे लागते. नदीच्या पात्रातले खडे पाण्याने घासून गोल झालेले असतात. त्यांच्यावर हलका टायर आनंदाने चालतो. आपल्याकडची खडी यंत्राने फोडलेल्या काळ्या बसाल्टची, प्रत्येक तुकड्याला ताजी धार. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर सुमारे २०० मैलांची शर्यत होते. तेथील टेकड्यांत चकमकीचा धारदार दगड आहे आणि तो टायरच्या कडा कापतो. म्हणून वेगासाठी आलेले स्पर्धकही तेथे जाड अंगाचा टायर लावायला कचरत नाहीत.

शिवाय आपल्याकडे काटे आहेत. बांधावरची बाभूळ, ओढ्याकाठची वेडी बाभूळ आणि पावसाळ्यानंतर वाटेवर पसरणारा सराटा. सराट्याचे फळ कसेही पडले तरी त्याचा एक काटा वर राहतोच. ट्यूबविना टायरमध्ये घालायचा चिकट द्रव अशी बारीक छिद्रे आपोआप बुजवतो, हे खरे. पण तो काही महिन्यांत सुकतो आणि खान्देशच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. तो वेळच्या वेळी भरणारे दुकान आमच्या आसपास नाही. ट्यूब मात्र कोठेही जोडून मिळते.

रबरावरची नक्षी हा शेवटचा प्रश्न. खोल दात असले की पहिल्या पावसात काळी माती त्यांत भरते आणि चाक मडगार्डात अडकून बसते. मधोमध जवळजवळ सपाट आणि कडेला थोडे दात, अशी नक्षी जड टायरवर आहे. कोरड्या वाटेवर ती अडत नाही आणि वळणावर मुरमात घसरत नाही.

मुलीने दोन्ही जोड उचलून पाहिले. तिला हलका आवडला. “किती वेळ वाचेल?” तिने विचारले. मी म्हटले, “या वाटेवर एक-दोन मिनिटे.” मग १९९४ची हकीकत सांगितली. ती तिने आजवर अनेकदा ऐकली आहे. या वेळी मात्र मध्येच थांबवून तिने म्हाताऱ्याचे वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

रात्री आम्ही जड जोड चढवला. मी पंपाने हवा भरत होतो आणि ती अंगठ्याने दाबून पाहत होती. काटा चाळीसच्या जवळ आला तेव्हा तिने माझा हात धरला. “पुरे, अप्पा.” मला अजून चार दांडे मारावेसे वाटत होते. मी पंप खाली ठेवला आणि जुन्या कपड्यात गुंडाळलेली जादा ट्यूब तिच्या दप्तरात घातली.