इंजिनाला अर्थ नव्हता

दोस्तहो, मी पवनीचा. हात काळे करून पोट भरणारा गॅरेजवाला. कविता येत नाही. हातानं भोगलं ते लिहितो.

२०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची गाडी साऱ्या देशानं मोबाईलवर पाहिली. भंगारातून बनवलेली, किक मारून सुरू होणारी. आमच्या वस्तीतली पोरं पेटली. "काका, आपनही बनवू. जयंतीले काढू."

बनवली. चौकोनी पाइपाची चेसिस वेल्डिंग केली. भंगारातून मारुती ८०० चं इंजिन आणलं. पोरांनी चेसिसला निळा रंग दिला. एक नाही, तीन हात. चकचकीत.

सेल्फ मारला. इंजिन म्हाताऱ्यासारखं कण्हलं. पुन्हा मारला. ॲक्सिलेटरच्या केबलमधून धूर. तिसऱ्यांदा इंजिन लागलं आणि बोंबलायलाच लागलं. पाय काढला तरी आवाज उतरेना. केबल तापून आतल्या आत चिकटलेली. मी ती उपटायला हात घातला. तळव्याचं कातडं तिलाच चिकटलं. एका पोराला सुचलं, त्यानं चावी बंद केली. गाडी ठोकळ्यांवर होती म्हणून बरं. पुढं दहा पावलांवर लेकरं बसली होती.

रात्रभर झोप नाही. तीस वर्षं या धंद्यात, अन् केबल का जळली ते मला कळू नये? कळणार कुठून! पोरवयात ज्या गॅरेजात लागलो तिथं माझ्या वाट्याला धुणं, ग्रीस, टायर. वायरिंग उघडलं की उस्ताद म्हणायचा, "तू बाहेर जाय, चहा आन." माझा पेला वेगळा, खिडकीत. विद्या कशी लपवतात ते पुस्तकात नंतर वाचलं. आधी त्या खिडकीत पाहिलं.

सकाळी मीटर घेतला. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. दोन सेकंद सेल्फ मारायला लावला. काटा चार व्होल्टवर. अर्धासुद्धा नको होता. तेव्हा उजेड पडला. बॅटरीचा मायनस चेसिसला. इंजिन बसलंय रबराच्या फाउंडेशनवर, आणि रबरातून वीज जात नाही. दोघांना जोडणारी जाड पट्टी आम्ही लावलीच नव्हती. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो. तेवढा करंट बॅटरीकडं परतायला वाट शोधतो. सरळ वाट नसली की सापडेल त्या बारीक वाटेत घुसतो. मग ती बारीक केबल जळते.

तांब्याची विणलेली पट्टी आणली. एक टोक इंजिनाला. दुसरं चेसिसला लावायचं तर रंग खरवडणं आलं. पोरं अडली. "काका, निळा रंग खरवडता? जयंतीच्या तोंडावर?"

"बाबू, रंगावर बोल्ट कितीही आवळ, रंग विजेले अडवतेच. आपली जगन्नाथ टेकडी पाय. १९६९-७० ले नागपूर विद्यापीठानं अन् पुरातत्त्व खात्यानं खोदली, तवा खालून स्तूप निंगाला. माती काढली तवाच दिसला ना? आता लोखंड दिसू दे."

शेवटी ज्यानं रंग दिला होता त्यानंच घासपेपर घेतला. रुपयाएवढी जागा घासली. पांढरंशुभ्र लोखंड. दातेरी वॉशर, बोल्ट, वरून ग्रीस, म्हणजे गंज चढत नाही. बॅटरीच्या बोल्टाखालीही तसंच केलं. सेल्फ मारला. एका झटक्यात चालू. मीटरवर पाव व्होल्टही नाही.

दोस्तहो, तुम्ही कार्यकर्ते. भाषणं आहेत, बॅनर आहेत, निळे झेंडे आहेत. वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत करंट जातो का, तेवढं एकदा मीटर लावून बघा. जात नसेल तर कोण जळतं? पुढारी नाही जळत. मोर्चात पुढं उभं केलेलं पोरगं जळतं. केस त्याच्या नावावर पडते, नोकरी त्याची जाते. ती आपली बारीक केबल.

गाडी मिरवणुकीत नेली नाही. पासिंग नाही, गर्दीत लेकरं. पोरं आठ दिवस रुसली. आता ती माझ्या घरामागं उभी आहे. रविवारी तिचं वायरिंग उघडतो. पोरं येतात, दोन पोरीही येतात. चहाची वेळ झाली की मीच उठतो आणि चहा आणतो. वायरिंगपासून त्यांच्यातलं कुणी हलायचं नाही.

जयभीम.