आकार नसलेली जमीन

कोकण रेल्वेची जी रील्स आपल्या फोनवर येतात ती जवळजवळ सगळी जुलै-ऑगस्टमधली असतात. धबधबे, धुकं, हिरव्या डोंगराला वळसा घालणारी गाडी. डिसेंबरात याच मार्गाने गेलात तर बाहेर कापून झालेली भातखाचरं दिसतात, वाळून पिवळं पडलेलं गवत दिसतं, आणि दर थोड्या वेळाने काहीच दिसत नाही. रोहा ते ठोकूर हा 741 किलोमीटरचा मार्ग, आणि त्यावर 90 हून जास्त बोगदे. बोगदा आला की काचेत आपलाच चेहरा दिसतो, नेटवर्क जातं, आणि खास देखावे बघायला निघालेले लोक पॉपकॉर्नचं पाकीट उघडतात. मला बोलायचंय ते या बोगद्यांच्या वरच्या जमिनीबद्दल.

तिला सडा म्हणतात. डोंगराच्या माथ्यावर मैलोन् मैल पसरलेलं सपाट, काळपट, उघडं पठार. माती जेमतेम बोटभर, तीही जिथे असेल तिथेच. हा दगड म्हणजे जांभा. तो जमिनीतून नुकता कापला की त्यामानाने मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात राहिला की टणक होत जातो. म्हणून कोकणातली घरं त्याच्या चिऱ्यांनी बांधलेली. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकाने केरळात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि 1807 साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं. म्हणजे या दगडाचं शास्त्रीय नावसुद्धा बांधकामातूनच आलंय. आणि याच दगडावर, याच सड्यांवर, कुणीतरी काही हजार वर्षांपूर्वी हत्ती, मासे, पक्षी, गेंडे आणि माणसं कोरून ठेवलीत.

ही कातळशिल्पं बघायला आता एका दिवसाच्या सहली निघतात. गेल्या डिसेंबरात आईला घेऊन मी अशाच एकीला गेले. पहाटे साडेपाचला दादरहून वंदे भारत, दहाच्या सुमारास रत्नागिरी, दिवसभर छोट्या बसमधून उक्षी आणि कशेळी, संध्याकाळी परतीची वंदे भारत. आम्ही चौदा जण आणि रत्नागिरी स्टेशनवर भेटणारा एक स्थानिक गाइड.

आई सहलीला जाणाऱ्यांतली नाही. ती आली ती एका कागदामुळे. तिचं माहेर राजापूर तालुक्यातलं. आजोबा गेल्यावर जमिनीच्या सातबाऱ्यावर मामाबरोबर तिचंही नाव लागलं. त्यात सड्याचा एक मोठा तुकडा आहे, ज्याच्याकडे इतकी वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता एका चिरेखाणवाल्याला तो हवाय. मामाने संमतीपत्र कुरिअरने पाठवलं, वर फोन केला, "ताई, एक सही करून पाठव गो, बाकी मी बघतो." आईने ते पत्र देवघराच्या खणात ठेवलं आणि पंधरा दिवस त्याबद्दल बोललीच नाही. मग एक दिवस टीव्हीवर कातळशिल्पांची बातमी लागली होती, आणि भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "असलं काहीतरी आमच्याकडे पण होतं. आम्ही होडी म्हणायचो त्याला."

मी त्याच रात्री सहलीची दोन तिकिटं काढली.

जाताना संगमेश्वर मागे पडलं, मग उक्षी स्टेशन गेलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब बोगदा. आई अंधाराकडे बघत म्हणाली, "आमच्या लहानपणी ही गाडी येणार येणार असं फक्त ऐकायचो. मधू दंडवते आमचेच खासदार ना." पूर्ण मार्गावर गाडी धावायला लागली 26 जानेवारी 1998 ला. तोवर तिचं लग्न होऊन ती डोंबिवलीत आली होती. तिचं सगळं माहेर एसटीच्या काळातलं.

उक्षीला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. इथल्या हत्तीभोवती चिऱ्यांचा गोल कठडा आहे, वरून बघता येतं. गाइड पंचविशीतला मुलगा, बोलायला मोकळा. त्याने आधी सगळ्यांना नुसतं बघायला सांगितलं. खरं सांगायचं तर पहिला मिनिटभर मला दगडाशिवाय काही दिसलं नाही. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं आणि कोरीव रेषा दोन-तीन बोटांपेक्षा खोल नसतात. मग एकदम सोंड दिसली, आणि त्यानंतर हत्ती दिसेनासा करता येईना. "सकाळी सातला या नाहीतर चारनंतर," गाइड म्हणाला. "ऊन तिरपं हवं. रेषेच्या एका काठाची सावली पडली की चित्र उठतं." काही लोक फोटो चांगला यावा म्हणून रेषांत खडू नाहीतर रांगोळी भरतात, त्याचा त्याला फार राग होता. मला तो राग पटला. फोटो एका दिवसाचा असतो, रेषेत गेलेली भुकटी काढायला कुणी येत नाही.

वय विचारणारे सगळ्याच सहलीत असतात. त्याचं उत्तर त्याने छान दिलं. गुहेतल्या चित्रांत रंग असतो, राख-कोळसा सापडू शकतो, त्यावरून काही मोजता येतं. इथे उघड्यावर नुसता दगड खोदलाय, त्या खोदण्याची तारीख काढायची थेट पद्धत नाही. म्हणून चित्रांतल्या प्राण्यांवरून आणि आजूबाजूला सापडलेल्या दगडी हत्यारांवरून अंदाज बांधतात. शेतीची किंवा पाळीव जनावरांची दृश्यं फारशी दिसत नाहीत, शिकारीतले प्राणी भरपूर दिसतात. एकशिंगी गेंडा आज कोकणात नाही. तळकोकणात दोडामार्गच्या बाजूला आज जे हत्ती फिरतात तेही गेल्या काही वर्षांत कर्नाटकातून आलेले. कोरणाऱ्यांनी मात्र हे प्राणी पाहिले असणार.

गावच्या लोकांना यातली बरीच चित्रं आधीपासून माहीत होती. पांडवांनी एका रात्रीत काढली, अशी गोष्ट अनेक गावांत सांगतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांची नोंद केली, ती संख्या हजाराच्या पुढे गेली. 2022 साली कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं. त्यात उक्षी आहे, कशेळी आहे, आणि बारसूही आहे. बारसूचं नाव बाकीच्या महाराष्ट्राने ऐकलं ते 2023 च्या रिफायनरीविरोधी आंदोलनामुळे. तिथल्या सड्यावर वाघासारख्या दोन प्राण्यांच्या मधोमध उभा असलेला माणूस कोरलाय.

रत्नागिरीत जेवून आम्ही पावसमार्गे कशेळीकडे निघालो. वाटेत डाव्या हाताला एक चिरेखाण लागली. डोंगराच्या माथ्यावर जणू कुणी भलीमोठी वडी पाडत आणली होती: सरळ कापलेल्या लालभडक भिंती, तळाला साचलेलं पाणी, बाजूला रचलेले चिरे, आणि यंत्राच्या पात्याचा किर्र आवाज. बसमधल्या एका बाईंनी "किती वाईट" म्हटलं. गाइड हसला. "माझ्या चुलत्याची पण आहे," तो म्हणाला. "त्याच्यावरच माझं कॉलेज झालं."

मग जे बोलणं झालं ते माझ्या मते या सहलीतलं सगळ्यात मोलाचं. तो म्हणाला, ज्याच्या जमिनीत चित्र सापडतं तो पहिल्यांदा घाबरतो. आता जमीन अडकली, असं त्याला वाटतं. त्यामुळे काही लोक दाखवतच नाहीत. आणि एकदा खाणीचं पातं फिरलं की तिथे काय होतं हे सांगायलाही कुणी उरत नाही. सडा म्हणजे रिकामी जागा, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. खाणवाल्याच्या, सरकारच्या आणि गावाच्यासुद्धा.

हे ऐकून आईने पर्समधून घडी घातलेला सातबारा काढला. ती तो घेऊन आली होती, हे मलाही माहीत नव्हतं. त्यात त्या तुकड्यापुढे लिहिलंय: पोटखराबा. म्हणजे लागवडीला अयोग्य. शेतसाऱ्याच्या आकारणीला सातबाऱ्यावर 'आकार' म्हणतात, आणि पोटखराब्याला आकार नसतो. गाइडने कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाला, "काकी, ह्याच्यावर हत्ती कुठे लिहिणार?"

कशेळीचा हत्ती साधारण 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. आकडा वाचून कळत नाही. माझा डोंबिवलीतला अख्खा फ्लॅट त्याच्या पोटात मावेल आणि वर गॅलरीला जागा उरेल. त्या पोटात पुन्हा मासे, पक्षी, इतर प्राणी असे सत्तरच्या वर आकार खच्चून भरलेत. काठावर उभं राहिलं तर यातलं थोडंच दिसतं. पूर्ण हत्ती मी पाहिला तो गाइडच्या टॅबवर, ड्रोनने काढलेल्या फोटोत. तो बघताना मनात आलं, की ज्याने कोरला त्याला तो असा कधीच दिसला नसणार. मी दिवसभर कोड लिहिते, पूर्ण सिस्टीम एका स्क्रीनवर मलाही दिसत नाही, पण निदान आकृती काढायला फळा असतो. इथे एवढं प्रमाण माणसांनी कशाच्या भरवशावर सांभाळलं? दोऱ्या? पावलं? की एकाने उभं राहून दुसऱ्याला ओरडून सांगितलं, "अजून थोडं डावीकडे"?

चार वाजत आले होते. रेषांच्या काठांना सावल्या फुटल्या आणि सकाळी उक्षीला जे शोधावं लागलं ते इथे आपोआप वर आलं. आई बाहेरच्या कडेकडेने चालत होती, खाली न बघता. म्हणाली, "आमची होडी पायाला कळायची. संध्याकाळी गुरं घेऊन येताना अनवाणी पाय घळीत गेला की समजायचं, विहीर जवळ आली."

गाइड लगेच जवळ आला. किती लांब होती? दोन माणसं झोपतील एवढी. टोकं कशी? एका बाजूला निमुळती, दुसऱ्या बाजूला दुभंगलेली. तो जरा थांबला. "काकी, ती होडी नसेल. मासा असेल." आईला ते फारसं आवडलं नाही. पन्नास वर्षांची होडी एका वाक्यात मासा व्हावी, असं कुणाला आवडेल? त्याने विचारलं, मी येऊन बघू का एकदा? आई म्हणाली, "ये. पण आधी मी भावाशी बोलते."

ते बोलणं रत्नागिरी स्टेशनच्या बाकावर झालं, फोन स्पीकरवर. मामा चिडला नाही, ते जास्त अवघड होतं. तो म्हणाला, ताई, आंबा दोन वर्षं धड नाही. पोराला गावात राहायचंय, त्याला काहीतरी सुरू करून द्यायला हवं. "दगडावर चित्र आहे म्हणून कोण मला तांदूळ देणाराय काय गो?" मग जरा थांबून म्हणाला, "आणि आपलं घर कशाचं? आबांनी चिरे ह्याच सड्यावरून काढले ना?"

आईकडे याचं उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. उक्षी-कशेळीला लोक येतात, गाइडला काम मिळतं, कुणाच्या घरी जेवणाची ऑर्डर जाते, हे खरंय. पण प्रत्येक सड्यावर अठरा मीटरचा हत्ती नसतो. एका झिजलेल्या माशासाठी मुंबईहून कोण येणार? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याने आपल्या खर्चाने हजारो वर्षांचा ठेवा राखायचा आणि आपण एसी डब्यातून येऊन त्याचं कौतुक करायचं, हा हिशोब मला जुळत नाही. मामाने खाण देऊच नये, असं म्हणणं मला परवडतं, कारण माझा पगार महिन्याच्या शेवटी येतो. तरीही ते पातं त्या विहिरीपाशी फिरू नये, असं मला वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

आई मामाला एवढंच म्हणाली, की सहीचं नंतर बघू, आधी विहिरीच्या वरच्या अंगाला जाऊन ये. दिवसा नको, अंधार पडल्यावर जा. बॅटरी जमिनीवर आडवी ठेव आणि मग बघ. मामाने विचारलं, साप चावला म्हणजे? आई म्हणाली, बूट घाल.

तीन आठवडे काही नाही. मग एका रात्री आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा फोटो आले. पहिले पाच नुसतेच काळे. सहाव्यात वाळलेलं गवत आणि मामाचा गमबूट. आठव्यात बॅटरीच्या आडव्या उजेडात एक रेषा, गवताच्या मुळांनी भरलेली, पुढे जाऊन दोन फाटे फुटलेली. मापाला शेजारी त्याने कोयती ठेवली होती. खाली लिहिलं होतं: 'हीच काय गो? उद्या गवत काढून बघतो. खाणवाल्याला अजून काय बोललो नाही.'

संमतीपत्र देवघराच्या खणातच आहे. गाइडचा नंबर आईने मामाला पाठवलाय.